ओळीच्या टोकाला लटकलेला ‘पु.’

ओळीच्या उजव्या टोकाला ‘पु.’ एवढेच लटकलेले असावे आणि खालच्या ओळीचा आरंभ ‘ल. देशपांडे’ असा व्हावा, हा दोष मराठी पुस्तकांत, अंकांत आणि त्याहून अधिक पडद्यावरच्या मजकुरात इतका नित्याचा आहे की बहुतेक वाचकांना तो दोष म्हणून जाणवतही नाही. वाचन क्षणभर अडखळते, नजर मागे जाऊन पुन्हा पुढे येते, आणि वाचक त्याचे खापर स्वतःच्या थकव्यावर फोडून मोकळा होतो. लेखकाकडे याचा दोष जात नाही, कारण त्याने नाव सलग लिहिलेले असते. मुद्रितशोधकाकडेही फारसा जात नाही, कारण त्याच्या हातातल्या प्रतीत ओळी निराळ्या ठिकाणी मोडलेल्या असू शकतात आणि त्यानंतर एखादा शब्द वाढला की साऱ्या परिच्छेदाची घडी बदलते. हा दोष उपजतो तो साध्या मजकुराचे अक्षरजुळणी केलेल्या पानात रूपांतर होताना, आणि त्याचे मूळ अशा एका चिन्हात आहे की जे छापल्यावर दिसत नाही आणि टंकतानाही सहसा दिसत नाही.

‘साधा मजकूर’ म्हणजे ज्यात फक्त अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे एकापुढे एक साठवलेली असतात, पण फॉन्ट, आकार, समास, ओळीची लांबी यांपैकी काहीही नसते असा मजकूर. त्यात शब्दांमधली मोकळी जागासुद्धा एक अक्षरच असते. १९६३ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘आस्की’ या अमेरिकी संकेतावलीच्या आजच्या रूपात तिचा क्रमांक ३२ आहे. ही स्पेस एकाच वेळी दोन कामे करते. एक तर ती दोन शब्द वेगळे ठेवते, आणि दुसरे म्हणजे पान जुळवणाऱ्या प्रोग्रॅमला ती सांगते की येथे ओळ मोडली तरी हरकत नाही. एरवी ही दोन्ही कामे एकमेकांना पूरक ठरतात, परंतु ‘पु.’ आणि ‘ल.’ यांच्यामध्ये पहिले काम हवे असते आणि दुसरे नको असते. या विशिष्ट गरजेसाठी जे निराळे अक्षर योजलेले आहे त्याला ‘नॉन-ब्रेकिंग स्पेस’, म्हणजे न तुटणारी स्पेस म्हणतात. दिसायला ती नेहमीच्या स्पेससारखीच असते, मात्र तिच्या दोन्ही बाजूंची अक्षरे एकाच ओळीत राहतात.

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८७ साली पश्चिम युरोपीय भाषांसाठी जी संकेतावली प्रसिद्ध केली तिच्यात या स्पेसला १६० हा क्रमांक मिळाला. तो सहज आठवण्यासारखा आहे, कारण ३२ मध्ये १२८ मिळवले की १६० होतात; जुन्या स्पेसच्या बरोबर वरच्या मजल्यावर तिची ही बहीण राहायला आली. पुढे युनिकोडने त्या संकेतावलीतली २५६ घरे जशीच्या तशी स्वीकारल्यामुळे हा क्रमांक आजही तोच आहे. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली मानक ठरलेल्या ‘इस्की’ या संकेतावलीत अक्षरांची सुरुवात चंद्रबिंदूपासून, म्हणजे १६१ या घरापासून होते, त्यामुळे तेथे या स्पेसशी टक्कर झाली नाही. युनिकोडपूर्व काळातल्या डीटीपीच्या फॉन्टांना असे बंधन नव्हते. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या २५६ घरांत देवनागरीचे काने, मात्रा आणि अर्धी अक्षरे मिळेल तेथे बसवण्याची ती पद्धत होती, आणि त्यांतला एखादा तुकडा १६० या घरात पडला तर सॉफ्टवेअरने त्याला अक्षर न मानता कोरी जागा मानण्याचा धोका कायमच असे.

शिशाचे खिळे हाताने जुळवले जात होते तोपर्यंत हस्तलिखितात अशा वेगळ्या चिन्हाची गरज कोणालाच भासली नाही. छापखान्यात स्पेस ही रिकामी जागा नसून धातूचा खराखुरा तुकडा असे. कंपॉझिटर हातातल्या स्टिकमध्ये ओळ भरत आणताना शब्दांमधल्या पट्ट्या बदलून ती दोन्ही बाजूंनी घट्ट बसवत असे, आणि आद्याक्षर एकटे टोकाला राहते आहे असे दिसले की पट्ट्या बारीक करून पुढचे अक्षर वर घेत असे किंवा पट्ट्या जाड करून आद्याक्षरालाच खाली ढकलत असे. कोणती जागा तोडायची आणि कोणती नाही, ही जाण मजकुरात नव्हती. ती त्याच्या बोटांत आणि भाषेच्या सवयीत होती. ओळ मोडण्याचे काम यंत्राकडे गेल्यावर ही जाण कोठेतरी लिहून ठेवणे भाग पडले, आणि ती लिहिण्याची जागा म्हणजे मजकूर हीच होती.

या बाबतीत सर्वांत विचारपूर्वक मांडणी केली ती अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी. स्वतःच्या बहुखंडी ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघत असताना १९७७ साली हाती आलेली मुद्रिते त्यांना इतकी निकृष्ट वाटली की पुस्तके जुळवण्याची प्रणाली आपणच तयार करावी असे त्यांनी ठरवले. तीच ‘टेक’, आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर उभारलेली ‘लाटेक’ आजही गणित-विज्ञानाच्या प्रकाशनात सर्वत्र वापरात आहे. टेक एकेक ओळ भरून मोडत नाही, तर सबंध परिच्छेदाचा विचार एकदम करते: प्रत्येक संभाव्य मोडीला दंडाचे गुण द्यायचे आणि एकूण दंड कमीत कमी होईल अशा मोडी निवडायच्या, ही रीत कनूथ आणि मायकेल प्लास यांनी १९८१ साली शोधनिबंधातून मांडली. या हिशेबात १०,००० दंड म्हणजे अनंत दंड समजला जातो, अर्थात तेथे ओळ कधीच मोडली जात नाही. न तुटणारी स्पेस टेकमध्ये टिल्डने, म्हणजे ‘~’ या लाटेसारख्या चिन्हाने लिहितात, आणि या चिन्हाचा टेकच्या लेखी अर्थ इतकाच की आधी १०,००० दंड लावा आणि मग नेहमीच्या रुंदीची जागा सोडा. कनूथ यांनी त्याला दिलेले इंग्रजी नाव मराठीत ‘गाठ’ या शब्दाने चपखल सांगता येते. १९८४ साली आलेल्या त्यांच्या ‘टेकबुक’ या ग्रंथात गाठ कोठे मारावी याचे सविस्तर विवेचन आहे.

येथे परिभाषेतली एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. टेकमध्ये ताणता-आकसता येणाऱ्या साध्या जागेला ‘ग्लू’, म्हणजे सरस म्हणतात, आणि ओळ मुख्यतः या सरसापाशीच मोडते. त्याहून ‘स्प्रिंग’ हे नाव अधिक शोभले असते हे कनूथ यांनीही मान्य केलेले आहे. उलट युनिकोडच्या ओळी मोडण्याच्या नियमावलीत ‘ग्लू’ याच नावाचा जो वर्ग आहे त्यात १६० क्रमांकाची स्पेस येते, आणि तेथे त्याचा अर्थ ‘चिकटवून ठेवणारे, मुळीच न तुटणारे’ असा आहे. एकाचा सरस तुटतो आणि दुसऱ्याचा तुटत नाही, त्यामुळे दोन्ही दस्तऐवज शेजारी ठेवून काम करणाऱ्या प्रोग्रॅमरचा गोंधळ उडाला तर त्याला फारसा दोष देता येत नाही.

गाठी कोठे हव्यात हे यंत्राने आपले आपण का ओळखू नये, असा प्रश्न साहजिक आहे, आणि त्याचे उत्तर भाषेगणिक बदलते. चेक भाषेत ‘मध्ये’, ‘कडे’, ‘सह’ अशा अर्थांची काही शब्दयोगी अव्यये एकेका अक्षराची असतात आणि ती ओळीच्या टोकाला सोडणे तेथे चूक समजतात. हा नियम यांत्रिक असल्यामुळे पेत्र ओल्शाक यांनी मजकुरातली अशी एकटी अक्षरे हुडकून त्यांच्यापुढे टिल्ड घालणारा एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला आणि त्या चिन्हाच्या आकारावरून त्याचे नाव ‘व्ल्ना’, म्हणजे चेकमध्ये ‘लाट’, असे ठेवले. पोलिश भाषेत तर टोकाला राहिलेल्या अशा अक्षराला पोरके मूल याच अर्थाच्या शब्दाने ओळखतात. हिंदीत ‘राम ने’, ‘घर के लिए’ अशी परसर्गांची तोडून लिहिण्याची पद्धत असल्याने हा प्रश्न काही अंशी तेथेही उद्भवतो. मराठीत मात्र प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडूनच लिहिली जातात, ‘रामाने’, ‘घरासाठी’, ‘पुस्तकाबद्दल’; त्यामुळे चेक किंवा हिंदी मजकुराची ही अडचण मराठीच्या वाट्याला मुळात आलीच नाही.

मराठीची अडचण निराळ्या दिशेने आली आहे आणि ती यंत्राला अवघड आहे. आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या लेखकांची एवढी दाट वस्ती असलेले साहित्य क्वचितच असेल: ग. दि. माडगूळकर, वि. स. खांडेकर, चिं. वि. जोशी, द. मा. मिरासदार, गो. नी. दांडेकर. त्याशिवाय ‘डॉ.’, ‘प्रा.’, ‘सौ.’, ‘कै.’, ‘पृ.’, ‘क्र.’, ‘रु.’, ‘इ. स.’ असे संक्षेप आहेत. या सर्वांच्या शेवटी टिंब येते, आणि मराठी गद्यात वाक्याच्या शेवटीही टिंबच येते. हिंदीप्रमाणे वाक्यान्ती उभा दंड असता तर यंत्राला दोन्ही टिंबे निराळी ओळखता आली असती, आणि रोमन लिपीप्रमाणे मोठी-लहान अक्षरे असती तरी काही सुगावा लागला असता. मराठीत दोन्ही खुणा नाहीत. टेकच्या इंग्रजी वळणाच्या मूळ मांडणीत तर आणखी एक उपद्व्याप होतो: टिंबानंतरची जागा वाक्य संपले असे समजून थोडी अधिक रुंद सोडली जाते, मोठ्या रोमन अक्षरानंतरच्या टिंबाला तेवढी सवलत मिळते, आणि देवनागरी अक्षराला ती मिळत नसल्यामुळे ‘पु.’ आणि ‘ल.’ यांच्यामध्ये, वेगळी सूचना दिलेली नसेल तर, दोन वाक्यांमधले अंतर पडते. गाठ मारली की हा दोषही जातो, कारण गाठीची जागा नेहमीच्याच रुंदीची असते.

संक्षेपांच्या जोडीला अंक आहेत. ‘१९ व्या शतकात’ लिहिताना ‘व्या’ खाली घसरला तर तो प्रत्यय कोणत्या अंकाचा हेच क्षणभर कळत नाही. ‘१० वी’, ‘४ थ्या’, ‘१ मे’, ‘रु. ५००’, ‘पृ. ४५’, ‘२० कि. मी.’ यांचेही तसेच आहे. ओवी-अभंगांच्या शेवटी ‘॥ ४ ॥’ अशी जी संख्या येते तिचा शेवटचा दुहेरी दंड एकटाच पुढच्या ओळीवर गेला तर पान अगदीच बेंगरूळ दिसते.

हे जवळून पाहण्यासाठी एक वाक्य घेता येईल: ‘इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले.’ यात सोळा शब्द आणि पंधरा स्पेस आहेत. त्यांपैकी ‘वि.’ आणि ‘का.’ यांच्यामधली व ‘७’ आणि ‘जुलै’ यांच्यामधली अशा दोन जागा कोणत्याही परिस्थितीत तुटू नयेत. ‘का.’ आणि ‘राजवाडे’ यांच्यामधली जागा न तुटलेली बरी, परंतु दोन्ही आद्याक्षरे वर राहून आडनाव खाली गेले तर वाचकाचे फारसे अडत नाही, कारण ‘वि. का.’ ही जोडी मराठी कानाला नावासारखीच लागते. ‘जुलै’ आणि ‘१९१०’ यांच्यामध्ये ओळ खुशाल मोडावी. टेकच्या लेखनात या वाक्याचा आरंभ ‘इतिहासाचार्य वि.~का.~राजवाडे यांनी ७~जुलै १९१० रोजी’ असा होईल. उत्साहाच्या भरात ‘इतिहासाचार्य’ही गाठीत ओढले तर सगळे मिळून एकच लांबलचक, न वाकणारा तुकडा तयार होतो. मराठी पुस्तकांत आणि नियतकालिकांत संयोगचिन्ह देऊन शब्द तोडण्याची प्रथा फारशी नाही, त्यामुळे ओळ भरण्यासाठी यंत्राच्या हाती फक्त शब्दांमधल्या जागा उरतात. तीन रकान्यांच्या मासिकात असा लांब तुकडा ओळीत मावला नाही की आधीच्या ओळीत चार शब्द आणि त्यांच्यामध्ये बोटभर खिंडारे असा देखावा उभा राहतो. गाठींच्या बाबतीत उदारपणापेक्षा काटकसर बरी, आणि रकाना जितका अरुंद तितकी ती अधिक.

गाठ कोठे मारायची हे ठरल्यावर ती साध्या मजकुरात लिहायची कशी, हा खरा व्यावहारिक प्रश्न पुढे येतो. पहिला मार्ग १६० क्रमांकाचे अक्षरच मजकुरात टाकण्याचा आहे. वर्ड आणि लिबरऑफिस यांत ते कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेस या कळा एकत्र दाबून, तर मॅकवर ऑप्शन आणि स्पेस दाबून उमटते. अदृश्य खुणा दाखवण्याची सोय सुरू केली की वर्डमध्ये ते अंश-चिन्हासारख्या बारीक वर्तुळाने दिसते आणि लिबरऑफिसमध्ये त्याच्यामागे करडी छटा येते, परंतु इतर अनेक ठिकाणी ते साध्या स्पेसपासून डोळ्यांना वेगळे ओळखता येत नाही. दुसरा मार्ग डोळ्यांना दिसणारी खूण वापरण्याचा. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ साली सुरू केलेल्या ‘पँडॉक’ या रूपांतरक प्रोग्रॅमच्या मार्कडाउन-लेखनात बॅकस्लॅश आणि त्यापुढे स्पेस दिली की ती न तुटणारी समजली जाते. मार्कडाउन म्हणजे ठळक, तिरपे, शीर्षक अशा गोष्टी साध्या चिन्हांनी सुचवण्याची पद्धत. कार्स्टन डॉमिनिक यांनी २००३ साली सुरू केलेल्या ‘ऑर्ग मोड’ या लेखनपद्धतीत त्यासाठी बॅकस्लॅशला जोडून एक छोटा संक्षेप लिहितात. तेथे टिल्ड वापरता येत नाही, कारण ऑर्गमध्ये दोन टिल्डांच्या मध्ये लिहिलेला मजकूर संगणकाची आज्ञा समजला जातो, आणि पँडॉकमध्ये तर जोडीने येणारे टिल्ड खोडलेला मजकूर दाखवतात. टेकच्या सवयीने ‘वि.~का.’ असे लिहून तो मजकूर ऑर्गमधून लाटेककडे पाठवला, तर निर्यात करणारा प्रोग्रॅम लेखकाला खरोखरच लाटेचे चिन्ह छापायचे आहे असे प्रामाणिकपणे समजतो, आणि पानावर दोन आद्याक्षरांच्या मध्ये लाट उमटते.

या प्रामाणिकपणाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. प्रत्येक अक्षरजुळणी-भाषेत काही चिन्हे आज्ञांसाठी राखून ठेवलेली असतात. लाटेकमध्ये टक्केवारीचे चिन्ह, डॉलर, महिरपी कंस, टिल्ड ही अशी राखीव चिन्हे आहेत. साध्या मजकुरात ‘व्याजदर ८%’ असे लिहिलेले असेल तर निर्यात करताना त्या चिन्हाआधी बॅकस्लॅश लावून त्याला संरक्षण द्यावे लागते, नाहीतर लाटेक तेथपासून ओळीच्या अखेरपर्यंतचा मजकूर टिपण समजून गाळून टाकते. आता निर्यातीत दोन कामे होतात: राखीव चिन्हांना संरक्षण देणे आणि १६० क्रमांकाच्या स्पेसच्या जागी टिल्ड घालणे. यांचा क्रम चुकला, म्हणजे आधी टिल्ड घातले आणि मग संरक्षणाची फेरी फिरवली, तर नुकत्याच मारलेल्या सगळ्या गाठी छापील लाटा होऊन बसतात. म्हणून आधी संरक्षण आणि सर्वांत शेवटी गाठ, हाच क्रम बरोबर ठरतो. त्यालाही एक अपवाद करावा लागतो. संगणकाच्या आज्ञा जशाच्या तशा छापायच्या असतात तेथे लाटेकमधले टिल्ड आपले गाठीचे काम सोडून निव्वळ टिल्ड होते, त्यामुळे अशा भागात हा बदल मुळीच करू नये.

पोचण्याचे ठिकाण बदलले की नियमही बदलतात. वेबपानासाठी निर्यात करताना १६० हे अक्षर तसेच ठेवता येते किंवा त्याच्या नावाचा संकेत लिहिता येतो. वर्डच्या फाइलीत अक्षर तसेच जाते. इनडिझाइनमध्ये ओळीबरोबर ताणली जाणारी आणि ठरावीक रुंदीची असे दोन प्रकार निरनिराळे आहेत. मराठीसाठी लाटेक वापरणाऱ्यांना यात एक बारकावा ध्यानात ठेवावा लागतो. जोडाक्षरे आणि वेलांट्या नीट बसवण्यासाठी मराठी मजकूर बहुधा ‘झीटेक’ किंवा ‘लुआटेक’ या युनिकोड जाणणाऱ्या नव्या इंजिनांवर जुळवला जातो. लाटेकच्या जुन्या इंजिनावर १६० हे अक्षर थेट आले तरी त्याची गाठ करून घेण्याची व्यवस्था आहे. झीटेकमध्ये मात्र, निराळे काही सांगितलेले नसेल तर, ते फॉन्टमधले एक कोरे चिन्ह म्हणून बसते. ओळ तेथे मोडत नाही हे खरे, पण ते ताणलेही जात नाही, म्हणून सैल ओळीत इतर सर्व जागा पसरतात आणि आद्याक्षरे तेवढी दाटीवाटीने उभी राहतात. निर्यातीत त्याचे टिल्ड करून घेतले की ओळीतल्या सर्व जागा सारख्या ताणल्या जातात.

वाटेतच गाठी सुटण्याचे प्रकार अनेक आहेत, आणि त्यांतला सर्वांत उघड प्रकार निदान डोळ्यांना दिसतो. युनिकोडच्या प्रचलित साठवणीत, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये, हे अक्षर १९४ आणि १६० अशा दोन बाइटांत साठवले जाते. एखाद्या प्रोग्रॅमने ती फाइल जुन्या पश्चिम युरोपीय संकेतावलीतली समजून उघडली तर १९४ च्या जागी डोक्यावर टोपी घातलेले रोमन ‘ए’ उगवते आणि १६० कोरे राहते. वेबपानांवर किमतीच्या किंवा मापांच्या मध्येच हे टोपीवाले ‘ए’ ज्यांनी पाहिले असेल त्यांनी खरे तर एका न तुटणाऱ्या स्पेसचे भूत पाहिलेले असते.

न दिसणारे प्रकार अधिक वाईट. मजकुरातल्या दुहेरी स्पेस काढून टाकण्यासाठी पायथन भाषेत एक ओळीची युक्ती सर्रास वापरतात: मजकूर कोऱ्या जागांपाशी तोडायचा आणि एकेक साधी स्पेस घालून पुन्हा जोडायचा. पायथन १६० लाही कोरी जागाच मानत असल्यामुळे या एका ओळीने पुस्तकभरच्या गाठी सुटतात, कोणतीही सूचना येत नाही, आणि नुकसान कळते ते छापील प्रत हाती आल्यावर. जावा भाषेतली कोरी जागा ओळखण्याची रूढ तपासणी मात्र १६० ला कोऱ्या जागेत धरत नाही, म्हणजे तीच सफाई तेथे निरुपद्रवी ठरू शकते.

याच सफाईचा दुसरा फटका मराठीला विशेष बसतो. ‘मजकुरातली अदृश्य अक्षरे काढून टाका’ असा सरसकट हुकूम देणारे प्रोग्रॅम न तुटणाऱ्या स्पेसबरोबर ८२०५ क्रमांकाचे अक्षरही उडवतात. हे अक्षर म्हणजे शून्य रुंदीचा जोडक. त्याला स्वतःची जागाही नाही आणि आकारही नाही, तो शेजारच्या अक्षराला कोणते रूप घ्यायचे तेवढे सांगतो. मराठीतला चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ लिहिण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत: एकीत साधा ‘र’, हलन्त आणि हा जोडक येतो, दुसरीत २३५३ क्रमांकाचा टिंबवाला ‘ऱ’ आणि हलन्त येतो. पडद्यावर दोन्हींतून ‘ऱ्य’ सारखाच दिसतो. पहिल्या रीतीने लिहिलेल्या मजकुरातून जोडक उडाला की ‘र’ उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो, आणि ‘आचाऱ्यांना मानधन दिले’ या वाक्यात स्वयंपाक्यांचे पैसे ‘आचार्यांना’ मिळतात. ‘दऱ्या’ ओलांडणारा गिर्यारोहक ‘दर्या’ ओलांडू लागतो. शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रॅमलाही हे सापडत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. दुसऱ्या रीतीने लिहिलेला मजकूर या सफाईतून सुखरूप सुटतो, एवढ्या एका कारणासाठीही ती रीत पत्करण्यासारखी आहे.

‘मग अदृश्य अक्षरांना हातच लावू नये’ असा उलटा नियमही टिकत नाही, कारण नको असलेल्या न तुटणाऱ्या स्पेस मजकुरात आपोआप शिरतात. वेबवरच्या लेखनपेटीत दोनदा स्पेस दिली की ब्राउझर त्यांपैकी एकीची १६० करून टाकतो, कारण वेबपानाच्या नियमानुसार लागोपाठच्या साध्या स्पेस एकच होऊन जातात. तेथून चिकटवलेला लेख रकान्यात ओतला की नको तेथे शब्द जोडीने घसरतात. शोधातही अडचण येते: एका ठिकाणी साध्या स्पेसने आणि दुसऱ्या ठिकाणी न तुटणाऱ्या स्पेसने लिहिलेले ‘वि. का.’ काही प्रोग्रॅमना दोन निराळी नावे वाटतात, आणि पुस्तकाच्या शेवटच्या नामसूचीत राजवाडे दोनदा अवतरतात.

म्हणूनच डोळ्यांना दिसणारी खूण अदृश्य अक्षरापेक्षा भरवशाची. बाहेरून आलेल्या मजकुरातल्या सर्व १६० आधी साध्या स्पेस करून टाकाव्यात, मग संपादकाने भाषा जाणून जेथे हव्या तेथे दिसणाऱ्या गाठी माराव्यात, आणि निर्यातीच्या अगदी अखेरच्या पायरीवर त्यांचे त्या त्या ठिकाणच्या चिन्हात रूपांतर करावे. नियमित संक्षेपांपुरते यंत्राचे साहाय्य घेता येते. पँडॉक तर इंग्रजीतल्या काही ठरावीक संक्षेपांपुढे अशी स्पेस आपणहून घालतो, आणि ‘डॉ.’, ‘प्रा.’, ‘रु.’, ‘पृ.’ यांची मराठी यादी करणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. आद्याक्षरांवर मात्र माणसाची नजर फिरावीच लागते. तपासणीसाठी साधी मोजदादही पुष्कळ उपयोगी पडते: मूळ मजकुरात जेवढ्या गाठी तेवढ्याच निर्यात झालेल्या फाइलीत सापडल्या पाहिजेत, आणि आकडा जुळला नाही तर कोणत्या पायरीवर गळती झाली हे एकेक पायरी मागे जाऊन शोधता येते.

रुंदीचा प्रश्न यापुढचा आहे. आद्याक्षरांमध्ये पूर्ण स्पेस मोकळी दिसते आणि स्पेस मुळीच नसली तर अक्षरे एकमेकांवर आदळतात. लाटेकमध्ये यासाठी एमच्या, म्हणजे टाइपाच्या आकाराएवढ्या मापाच्या, सहाव्या भागाइतकी बारीक आणि न तुटणारी जागा सोडण्याची आज्ञा आहे. युनिकोडमध्येही ८२३९ क्रमांकाची अरुंद, न तुटणारी स्पेस १९९९ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत आली. ती मुळात मंगोलियन लिपीतल्या प्रत्ययांसाठी होती, आणि पुढे फ्रेंचांनी ती प्रश्नचिन्हाआधी व उद्गारचिन्हाआधी सोडायच्या बारीक जागेसाठी उचलली. मराठी आद्याक्षरांनाही ती शोभते, पण देवनागरी फॉन्टात ते चिन्ह आहे की नाही हे आधी पाहावे लागते. नसल्यास ओळीत चौकोन उमटतो किंवा भलत्याच फॉन्टमधली जागा येऊन बसते. शासनाने १९६२ साली मान्य केलेल्या चौदा आणि १९७२ साली त्यांत भर पडलेल्या चार लेखननियमांचा रोख अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ आणि शब्दांच्या रूपांकडे आहे, आद्याक्षरांमधल्या जागेकडे नाही. त्यामुळे एकाच लेखकाचे नाव एका प्रकाशनात ‘पु. ल.’ आणि दुसऱ्यात ‘पु.ल.’ असे सुखेनैव नांदते. वाचकांनी हा तंटा केव्हाच निकालात काढून ‘पुलं’, ‘गदिमा’, ‘जीए’ अशी नावे पाडली, ज्यांत टिंबही नाही, स्पेसही नाही आणि म्हणून ओळ मोडायला फटही नाही. शीर्षकपृष्ठावर, सूचीत आणि संदर्भांत मात्र ‘पु. ल. देशपांडे’ असेच लिहावे लागते, आणि तेथल्या दोन स्पेसांपैकी निदान पहिली न तुटणारी असावी लागते.